डूख धरलेला गोटा

मित्रांनो, मी एक जुना गोटा आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, पुढं कुणी म्हणायला नको की गोटा मधेच का उसळला. तुम्ही आजवर फाटक्या छत्रीची, शाळेच्या घंटेची, फुटक्या पाटीची कहाणी ऐकली असेल. ती बिचारी सगळं सोसतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. मी त्यांच्यातला नाही. मी डूख धरतो, आणि वाट बघायची म्हटली तर दगडाचा हात कोण धरणार?

जळकोटच्या बाजूला काळ्या दगडाचा माळ आहे. तिथं एका वडारानं मला फोडून काढलं आणि त्याच्या बायकोनं छिन्नीनं गोल केलं. दोन्ही अंगांना तिनं बोटं शिरतील एवढ्या खाचा पाडल्या. काम संपल्यावर तिनं माझ्यावरून तळवा फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्यो उचलंल त्येच्या आईची कूस धन्य." तेव्हा निजामाचं राज्य होतं. बैलगाडीत घालून मला गावात आणलं ते ईरण्णा वस्तादांनी. गाव बेंबळीपासून फार लांब नाही. नाव मात्र सांगणार नाही, कारण ज्यांची गोष्ट सांगतोय त्यांची नातवंडं अजून तिथंच नांदतात.

मारुतीच्या देवळाला लागून वस्तादांची तालीम होती. तिच्या दारात माझी जागा. गावच्या जत्रेला तरणी पोरं माझ्याभोवती गोळा व्हायची. कुणी मला गुडघ्यापर्यंत आणायचा, कुणी छातीला लावून सोडून द्यायचा. ज्यानं खांद्यावर घेतलं त्याचा मान मोठा. त्या वर्षी येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, गाव शेतात जेवायला गेलं की आंबिलाचा पहिला तांब्या त्याच्या हातात जायचा. पाटलाला दुसरा मिळायचा, मग बाकीच्यांना. एका गोट्याला याहून जास्त काय पाहिजे?

माणूस मला उचलतो तेव्हा मला तो आतून कळतो. मांडीत किती जीव आहे, पाठ कुठं कच खाते, दंड भरीव आहे की नुसता फुगलेला आहे, सगळं कळतं. मला उचललेल्या सगळ्यांत महारुद्र वेगळा होता. त्याची बोटं खाचांत शिरली की मी हलका व्हायचो. खांद्यावर घेऊन तो देवळाला फेरी मारायचा आणि चालता चालता लोकांची थट्टा करायचा. वस्तादांचा तो लाडका चेला, आणि खरं सांगतो, माझाही. परक्यानं केलं असतं तर पुढचं मी विसरूनही गेलो असतो.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, जनावरं दावणीला बसली ती उठली नाहीत. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं. अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकर आणि वाटपाची सुकडी, एवढ्यावर माणसं दिवस काढत होती. महारुद्रही घण मारत होता. मुकादमाशी लोकांच्या बाजूनं भांडतही होता. त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या होत्या. एका संध्याकाळी तो कामावरून येताना माझ्यावर बसला. सोबत बायको होती, द्वारकाबाई.

"बास झालं," तो म्हणाला. "जलमाचं वझं उचलून झालं. आता देवानं दिवस दावलं तर बसून खाईन. पुन्यांदा कशाला हात लावनार न्हाय."

मला त्यात वावगं वाटलं नाही. थकलेला माणूस असंच बोलतो.

दिवस पालटले. पाऊस झाला, सोसायटी उभी राहिली, बियाणं आणि खत गावात यायला लागलं. जो लोकांसाठी भांडला होता त्यालाच लोकांनी चेअरमन केलं. सगळे त्याला चेरमनसाब म्हणू लागले. खताच्या पोत्यांना जागा पाहिजे होती, आणि चेरमनसाबांची नजर तालमीवर गेली.

वस्ताद भांडायला आले. गाव जमलं होतं. "पोत्यांला दुसरी जागा गावंल, म्हारुद्रा," ते म्हणाले. "पोरांला न्हाय गावायची."

महारुद्र खुर्चीत बसलेला. उठला नाही. ज्या माणसानं त्याला मातीत उभं राहायला शिकवलं, त्याला तो बसल्या जागेवरून म्हणाला, "वस्ताद, वय झालं तुमचं. डोकं चालंना आता. घरी बसा, शिव शिव म्हना."

लोक हसले. वस्ताद हसले नाहीत, रडलेही नाहीत. म्हणाले, "ह्ये तुला फेडावं लागंल." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. तालमीचं गोदाम करायचं, त्याला पायरी हवी होती. महारुद्र माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ह्यालाच टाका की दारात." मी गोल, पाय कसा ठरणार? म्हणून गवंड्यानं छिन्नी लावून माझा माथा सपाट केला. अर्धा मातीत गाडला, खाचा जमिनीत गेल्या. छिन्नीचे घाव मला नवे नव्हते, घडवतानाही सोसले होते. पण तेव्हा मी कुणीतरी बनत होतो. आता लोक माझ्यावर चपलांचा चिखल पुसू लागले. त्या दिवशी मी डूख धरला, मित्रांनो. मनात म्हटलं, महारुद्रा, तुला बघून घेतो.

मला हलता येत नाही, पण त्याची गरजच पडली नाही. त्याचं सगळं त्याचा तोच करत होता.

चेअरमन झाल्यापासून त्यानं दुष्काळातला तो शब्द पाळला. पाण्याचा तांब्यासुद्धा तो हातानं उचलेना. छत्री दुसरा धरी. समोरच तर त्याचं घर, तरी सोसायटीत यायला मोटारसायकल. द्वारकाबाई कधी म्हणे, "रानाकडं एक चक्कर मारून या की." त्यावर त्याचा पुतण्या व्यंकट म्हणे, "काकी, चेरमनाच्या हातात खुरपं दिसलं तर लोक आमच्या तोंडात शेन घालतील."

गावाचंही चुकत होतं. दुष्काळात गावानं माणसं वाळताना पाहिली होती. त्यामुळं कुणी भरला, गालावर तुकतुकी आली, पोट सुटलं की गाव खूश. "चेरमनसाबांची तब्येत आता कशी झाली!" म्हणत. वाळलेला माणूस दुखणाईत आणि भरलेला निरोगी, एवढंच गावाला माहीत होतं.

गोदामात पोती मोजायचा काटा होता. महारुद्र हौसेनं त्यावर उभा राहायचा आणि चार माणसांना बोलावून दाखवायचा. "बघा रं! फडात उतरत व्हतो तवा एवढंच भरत व्हतं. एक शेर इकडं न्हाय की तिकडं न्हाय!" माणसं माना डोलवायची. काटा खोटं बोलत नव्हता, पण फसत होता. पोत्यातली ज्वारी जाऊन तेवढ्याच वजनाची माती आली तर काट्याला काय कळणार? मला कळत होतं, कारण तो रोज माझ्यावर पाय देत होता. पूर्वी त्याचं पाऊल रोवलेलं असायचं. आता तो मांडीला हाताचा रेटा देऊन चढायचा. मांड्या गेल्या, पाठीचे पट्टे गेले, दंड गेले. त्या सगळ्याची भरपाई पोटानं केली होती. मी खूश होतो. होऊ दे, म्हटलं, अजून होऊ दे.

मग दुसरीही गोष्ट सुरू झाली. हातात किल्ली धरून तो माझ्यावर उभा राहायचा आणि किल्ली कुठं आहे म्हणून ओरडायचा. व्यंकटला त्याच्या मेलेल्या बापाच्या नावानं हाक मारायचा. सभेत एकदा बियाण्याचं सांगून झालं, खाली बसला, पुन्हा उठला आणि तेच पहिल्यापासून सांगायला लागला. लोकांनी खाली माना घातल्या.

आणि एका सकाळी तो माझ्यावर अडखळला. पाऊल पुरतं उचललंच गेलं नाही. आडवा झाला तो खताच्या पोत्यावर जाऊन आपटला. टोपी एकीकडे, चेअरमन एकीकडे. ज्या लोकांनी वस्तादांना हसून घालवलं होतं तीच माणसं तोंडाला उपरणं लावून हसत होती. मला झालेला आनंद मी तुमच्यापासून लपवणार नाही. मला तोंड असतं तर मीही हसलो असतो.

त्याला सोलापूरला डॉक्टरकडे नेलं. परत आल्यावर द्वारकाबाई व्यंकटशी माझ्याजवळच उभी राहून बोलली. "डाक्तर म्हनलं, वजन हाय पर मांस गेलंय, नुसती चरबी राह्यलीय. त्यांच्याकडं असली म्हातारी मानसं लई येत्यात. अंगातलं मांस गेलं की बऱ्याच जनांची ध्यानात ठिवायची ताकद बी उतरती म्हने. समद्यांचं तसंच व्हतं असं न्हाय, पर चालवा, उठवा-बसवा, थोडं थोडं उचलाया लावा म्हनलं. खुर्चीत ठिवू नका."

"काकाला आता मातीत लोळवू व्हय?" व्यंकट म्हणाला. "वय झालंय. बसून खाऊ द्या त्यांला."

व्यंकटच्या बोलण्यात काळजी होती, पण सगळी काळजीच नव्हती. पुढच्या सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "काकांचं डोकं चालंना आता. घरी बसू द्या त्यांला." कुणी विरोध केला नाही. महारुद्रला काय चाललंय ते उमगलंच नाही, त्यानं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. व्यंकट चेअरमन झाला. वस्तादांवर चाललेलं हत्यार महारुद्रवर चाललं, तेही त्याच जागी आणि त्याच शब्दांत. मला वाटलं, झालं, आपला सूड पुरा झाला.

समोरच्या ओट्यावर महारुद्रची बाज पडली. दिवसभर तो तिथं बसलेला असे. सून लाडू देई, तो खाई. पोळीचा काला देई, तो खाई. येणारा-जाणारा म्हणे, "बसा, आप्पा, उठू नका." तो रस्त्याकडे बघत राही, पण त्याला कुणीच दिसत नसे.

ईरण्णा वस्ताद मात्र रोज सकाळी त्या रस्त्यानं जात. खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंना पाण्याच्या घागरी. माळावर त्यांनी आंब्याची कलमं लावली होती. महारुद्रहून वयानं कितीतरी मोठे, अंगावर चरबीचा थर म्हणून नाही, पण पिंडऱ्या बघाव्या तर दोरखंडाच्या पिळासारख्या. डोकंही तसंच. कुणी कुणाला कुठल्या डावावर चीत केलं हे ते अजून सांगत. सोसायटीत कधी यावंच लागलं तर ते माझ्यावर पाय देत नसत. मला ओलांडून जात.

एका सकाळी द्वारकाबाईनं त्यांना माझ्यासमोरच थांबवलं.

"वस्ताद, काल त्यांनी मला इचारलं, बाई, तुमी कुनाच्या घरच्या?"

"लई चांगलं झालं," वस्ताद म्हणाले. कावड खांद्यावरून उतरवलीही नाही. "म्या सांगितलं व्हतं, फेडावं लागंल. फेडतोय."

"चांगलं कसं झालं?" द्वारकाबाईचा आवाज चढला. "तुमचा राग हाय न्हवं त्यांच्यावर? आता काडा की कुनावर काडायचा त्यो! जावा, उबं राहा त्यांच्याम्होरं आन बोला काय बोलायचं त्ये. हसत्याल तुमाला बघून. लाडू देत्याल हातात. त्यांला ठावंच न्हाय काय क्येलंय त्ये. तुमी हितकी वर्सं धरून बसला, आन ज्याच्यासाटी धरून बसला त्यो तर निघून चाल्लाय!"

मित्रांनो, मी दगड, पण तेव्हा मी हललो. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. महारुद्र पडला तेव्हा मी हसलो होतो, पण तो का पडला हे त्याला कुठं माहीत होतं? व्यंकटनं त्याला त्याच्याच शब्दांनी काढलं, पण ते आपलेच शब्द आहेत हे त्याला कुठं कळलं? ज्याला गुन्हाच आठवत नाही त्याच्यावर सूड कसा उगवणार? माझी इतक्या वर्षांची वाट वाया जायला निघाली होती.

वस्तादांनी कावड खाली ठेवली. समोरच्या ओट्याकडे बोट केलं. मग दात खात म्हणाले, "पहार आन. ह्याला सुद्दीवर आनतो. मग ह्यो हाय आन म्या हाय."

त्यांनी पहारीनं मला उकरायला सुरुवात केली तसा व्यंकट धावत आला. "वस्ताद, पायरी कुठं काडताय?"

"पायरी न्हाय ही, माझा गोटा हाय. तू दुसरी बशीव."

मला ओट्यासमोरच्या मोकळ्या जागेत लोटत आणलं. मग वस्तादांनी महारुद्रचा हात धरून त्याला बाजेवरून खाली ओढलं. सून ओरडली, पोरं हसली, व्यंकट म्हणाला, गावात आमची छी-थू होईल. द्वारकाबाई दारात आडवी उभी राहिली आणि कुणालाही पुढं येऊ दिलं नाही.

पहिल्या दिवशी महारुद्रला खांबाला धरून बसता-उठताही येईना. वस्तादांनी त्याला मला हात लावू दिलाच नाही. आधी पाण्याचा तांब्या. मग चरवी. मग माळावरच्या कलमांपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. मग खुरपं. पुढं अर्धी घागर. लाडू बंद, ताटात डाळ-भाकरी, मटकी, ताक. वस्ताद त्याच्यावर जी तोंडाची फैर झाडायचे ती तुम्हाला सांगण्यासारखी नाही. तो कण्हला की त्यांना आनंद व्हायचा आणि मला त्यांच्याहून जास्त. प्रत्येक उठाबशीला त्याला एकेका डावाचं नाव घ्यायला लावत. "ढाक! कलाजंग! धोबीपछाड! पुढं? पुढं काय, टोणग्या?" महारुद्र घामानं निथळत उभा राही आणि आठवत राही. आठवलं नाही की वस्ताद थांबत, पण सांगत नसत.

मी खोटं सांगणार नाही. गेलेलं सगळं परत आलं नाही. काही नावं गेली ती गेलीच. किल्ली तो अजून हरवायचा. पण येळवस जवळ आली तोवर पाऊल जमिनीवरून उचललं जाऊ लागलं होतं. मांडीला पुन्हा पकड आली होती. द्वारकाबाईला तो बहुतेक सकाळी नावानं हाक मारायचा, आणि ज्या सकाळी मारायचा त्या सकाळी ती उगाचच चुलीवर खेकसायची. व्यंकटला एकदा म्हणाला, "माझ्या खुर्चीत बसतोस व्हय रं?" व्यंकटचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग एका सकाळी वस्ताद म्हणाले, "आज ह्याला धर."

महारुद्र माझ्यावर वाकला. बोटांनी चाचपत खाचा शोधल्या. ती बोटं मी ओळखली. त्यानं मला गुडघ्यापर्यंत आणलं. त्याहून वर जमलं नाही. गुडघ्यावर टेकवून धाप टाकत तो माझ्याकडे बघत राहिला. मग सपाट माथ्यावरून तळवा फिरवून म्हणाला, "वस्ताद, ह्याचं डोस्कं कुनी छिनलं?"

"तू," वस्ताद म्हणाले.

तो पुन्हा माझ्या माथ्यावरून बोटं फिरवू लागला. मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत कुणीतरी आलं.

"व्हय," तो म्हणाला. "म्याच. आन तुमाला समद्यांम्होरं म्हनलो, घरी बसा." त्यानं मान वर केली. "मग? गोदामाला जागा लागत व्हती. काय चुकलं माझं?"

वस्तादांचा चेहरा उजळला. "आला!" ते ओरडले. "आला गं बाई, तुझा नवरा आला!" आणि त्यांनी महारुद्रच्या थोबाडात अशी एक ठेवून दिली की समोरच्या ओट्यावरचं कुत्रं पळालं. वर्षानुवर्षं राखून ठेवलेला हात होता तो.

मी महारुद्रच्या मांडीवरून खाली घसरलो. तो गाल धरून उभा होता. पुन्हा काहीतरी उद्धट बोलेल असं वाटलं. पण त्याचे डोळे भरले.

"वस्ताद," तो म्हणाला, "आनिक एक हाना."

"का रं?"

"उद्या इसरंल म्या. ध्यानात हाय तवर हाना."

वस्तादांनी हात उगारला. तो तसाच वर राहिला. द्वारकाबाई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. वस्ताद हात खाली घेत म्हणाले, "उद्या ये. उद्या परत उचल. परत सांगीन काय केलंस त्ये. मग हानीन."

महारुद्र दुसऱ्या दिवशी आला. मला गुडघ्यावर घेतलं आणि तळवा फिरवून विचारलं, माथा कुणी छिनला. वस्तादांनी सांगितलं. त्याला नव्यानं लाज वाटली, नव्यानं राग आला, त्यानं नव्यानं गाल पुढं केला. वस्ताद म्हणाले, उद्या. वस्ताद होते तोवर हेच चाललं. त्यांनी त्याला पुन्हा कधी मारलं नाही. रोज त्याला लाजताना बघायला मिळावं, याहून मोठा सूड मी मागितला नव्हता. तो मला पुरेपूर मिळाला. मिळाल्यावर तो मला बघवत नव्हता, हेही सांगून टाकतो. तरी मी माफ केलं नाही. माझा माथा अजून सपाट आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला "बसा, तुम्ही काही करू नका" असं म्हणून मोकळे होऊ नका. त्याला हाताला धरून उठवा. पाण्याची कळशी त्याच्याकडे द्या, बाजाराची अर्धी पिशवी त्याच्या हातात द्या, चार पावलं जास्त चालवा. गाल वर आले म्हणून तब्येत सुधारली असं समजू नका. तो कुरकुरला तर कुरकुरू द्या. आणि त्याच्यावर तुमचा राग असेल तर आज त्याच्यासमोर बसून सगळा बोलून टाका, त्याच्याकडूनही ऐकून घ्या. तो विसरून गेला की तो राग तुमच्या एकट्याकडे राहतो. मी दगड आहे, मला तो पेलतो. तुम्हाला नाही पेलणार.